पाठाची वही आणि मुरबाडची एसटी

छात्राध्यापकाची पाठाची वही हा शिक्षक-प्रशिक्षणाचा सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज, असं मी अध्यापक विद्यालयात शिकवायला लागल्यापासून सांगत आले आहे. गुणपत्रकं सगळी एकसारखी दिसतात. वहीत मात्र मार्गदर्शकाचे लाल शाईतले शेरे असतात, खोडून पुन्हा लिहिलेली उद्दिष्टं असतात. आणि मधेच 'पाठ अपूर्ण राहिला, मुलांचे प्रश्न जास्त आले' अशी नोंद सापडते. त्या एका नोंदीवरून कळतं, की ही मुलगी शिक्षिका होणार. ठाणे, कल्याण, डोंबिवली इथल्या किती तरी तुकड्यांच्या वह्या माझ्या नजरेखालून गेल्या. हा आढावा त्यांच्याच आधाराने.

पदविकांच्या नावांचा इतिहास लांबवत नाही. पी.टी.सी. गेली, डी.एड. आलं, त्याचं डी.टी.एड. आणि पुढे डी.एल.एड. झालं. बी.एड. २०१५पासून दोन वर्षांचं झालं. हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाचे पाच ठरावीक टप्पे, टाचणांमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहिली. १९६३च्या सुमारास स्टॅनफर्डला सुरू झालेलं सूक्ष्म अध्यापन आपल्याकडे रुळलं आणि डोंबिवलीच्या मुली आपल्या मैत्रिणींनाच पाचवीचा वर्ग मानून सज्जता प्रवर्तन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन घोटू लागल्या. त्याने हात बसतो, फळ्यावरची ओळ सरळ येते, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. एवढं झालं तरी पुष्कळ.

खरी कसोटी सराव पाठांची. नौपाड्यातल्या, डोंबिवलीतल्या किंवा कल्याणच्या जुन्या शाळेत पहिला पाठ घ्यायला उभी राहिलेली मुलगी रात्रभर तक्ते रंगवून आलेली असते. मागच्या बाकावर वर्गशिक्षिका आणि मार्गदर्शक, दाराशी वही उघडून बसलेले सहाध्यायी. शहरातल्या वर्गांना या ताई-दादांची सवय असते. प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर होतात, अपेक्षित उत्तर मिळतं आणि पस्तीस मिनिटांचा पाठ पस्तीस मिनिटांत संपतो. शेरा मिळतो 'उत्तम'. अशा पाठांची मला कायम काळजी वाटत आली. मुलांना जे आधीच येत होतं तेच त्यांनी परत दिलं. शिकवणाऱ्या मुलीला काय मिळालं?

म्हणून छात्रसेवाकाल, म्हणजे इंटर्नशिप, मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळांमध्येच व्हायला हवा, हा आग्रह मी कधी सोडला नाही. त्यावर पुष्कळ वाद झाले. डोंबिवलीच्या मुलींना एवढ्या लांब कशाला पाठवायचं, पाहणीला कोण जाणार, शहरात नामवंत शाळा असताना पाड्यावर काय शिकणार, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. प्रवासाची आणि मुक्कामाची काळजी रास्त होती, तिची सोय विद्यालयाने करायची असते. बाकीचं मला कधीच पटलं नाही. डी.एड. झालेल्यांची भरती मुख्यतः जिल्हा परिषदेचीच. २०००मध्ये शिक्षणसेवक योजना आल्यावर सुरुवातीला तीन हजार मानधनावर तीन वर्षं काढावी लागत, तीही बहुधा अशाच शाळेत. जिथे आयुष्य काढायचं ती शाळा प्रशिक्षणात एकदाही पाहायची नाही, याला प्रशिक्षण कसं म्हणायचं?

कल्याण डेपोतून एसटी निघते, मुरबाड मागे पडतं, टोकावड्याच्या पुढे माळशेजचे डोंगर जवळ येतात. शाळेत दोन खोल्या, दोन शिक्षक. एकाच खोलीत पहिली आणि तिसरी शेजारी शेजारी, म्हणजे जोडवर्ग. इथे शहरी टाचण पहिल्या दहा मिनिटांत कोलमडतं. तिसरीला भागाकार समजावताना पहिलीची मुलं उठून बाहेर जातात. दोन दिवसांत मुलगी शिकते, की एका वर्गाच्या हाती स्वतः करता येईल असं काम दिल्याशिवाय दुसऱ्याला शिकवता येत नाही. मग चिंचोके येतात, खडे येतात, पळसाची पानं येतात. तिसरीचा एखादा मुलगा पहिलीला मोजायला बसवतो. घरी ठाकरी किंवा कातकरी बोलणारं मूल पुस्तकी मराठीपुढे गप्प होतं. त्याचा उच्चार भर वर्गात दुरुस्त केला, की ते आठवडाभर तोंड उघडत नाही. हे कुठल्याही व्याख्यानाने कळत नाही. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवायचं की दोघांना बसवून घ्यायचं, हा निर्णयही तिथेच घ्यावा लागतो.

दिवाळीनंतर पट उतरतो, कारण कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. याच प्रश्नावर वसई-भिवंडी भागात विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच भोंगाशाळा चालवल्या. त्याच्या कितीतरी आधी, १९४५मध्ये, ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले आणि बिया, मूल शाळेत येत नसेल तर पाड्यातलं अंगण, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. २०१४मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत हे सगळं आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तरीही आमच्या कित्येक विद्यालयांत कोसबाड परीक्षेतल्या टिपेपुरतं उरलं होतं. मी मुलींना त्या टेकडीवर नेत असे. परतल्यावर त्यांची साधनं बदललेली दिसत. पुठ्ठा आणि चकाकता कागद कमी होई, हाताशी मिळणाऱ्या वस्तू वाढत.

पुढचा काळ थोडक्यात सांगते. २०००नंतरच्या दशकात अध्यापक विद्यालयं भराभर निघाली, बारावीला उत्तम गुण मिळवलेली मुलं प्रवेशासाठी रांगा लावत. २०१०च्या शिक्षकभरतीच्या सीईटीनंतर भरती जवळजवळ थांबली. २०१३मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजे टीईटी आली, २०१७मध्ये अभियोग्यता चाचणी आणि भरतीचं पवित्र पोर्टल. या मधल्या वर्षांत आमच्या गुणी मुली शिकवण्या घेत राहिल्या, दुकानांत उभ्या राहिल्या, काहींनी लग्नानंतर पदविका कपाटात ठेवली. विद्यालयांतल्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि एकेक बंद झालं. आज मोबाइलवर तयार टाचण मिळतं, छापील तक्ते स्टेशनजवळच्या दुकानात मिळतात आणि न घेतलेल्या पाठांवरही सह्या होतात. शेऱ्यांच्या जागी नुसती बरोबरची खूण. तीस विद्यार्थ्यांमागे एकच मार्गदर्शक धावत असेल, तर पाठानंतर शांतपणे बसून बोलायचं कुणी? आणि माझ्या अनुभवात शिक्षक घडतो तो त्याच अर्ध्या तासात.

चाळणी लावण्यावर मात्र सगळ्यांचा भर आहे. १ सप्टेंबर २०२५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. परीक्षा हवीच, पण जोडवर्ग कसा सांभाळला ते कोणत्याही पर्यायी उत्तराच्या गोलात मावत नाही. त्यातच कमी पटाच्या शाळा समूहशाळेत विलीन करण्याचा विचार चालू आहे. तसं झालं तर छात्रसेवाकालासाठी द्विशिक्षकी शाळा शोधाव्या लागतील आणि पाड्यावरचं मूलही शाळेपासून आणखी लांब जाईल.

२०३०पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता करण्याचं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठरवलं आहे. चार वर्षं म्हणजे भरपूर वेळ. त्यातलं एक पूर्ण सत्र मुरबाड-शहापूरच्या द्विशिक्षकी शाळांना द्यावं, दिवाळीच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन्ही महिने त्यात यावेत, आणि मार्गदर्शकाने तिथे मुक्कामाला राहून रोज संध्याकाळी प्रत्येकीच्या वहीवर आपल्या हाताने लिहावं. अभ्यासक्रम आखणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे.