भंगारातून पिकअप उभी करताना : आधी कागद, मग चासी, शेवटी इंजिन

गेल्या काही महिन्यांत आमच्या परिचयाच्या तीन-चार व्यापारी बांधवांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला. नवी पिकअप घेण्याची ऐपत नाही, हप्ते झेपत नाहीत. तेव्हा एखादी जुनी डिझेल पिकअप घेऊन, भंगार बाजारातील सुटे भाग जमवून ती उभी केली तर कसे? आम्ही कापडवाले, मिस्त्री नव्हे. परंतु इचलकरंजीहून माल आणण्यासाठी आणि तो वडगाव, कागल, निपाणीच्या बाजारी पोहोचविण्यासाठी आम्ही अशा दोन गाड्या उभ्या केल्या. पहिल्या गाडीने आमचे तोंड पोळले, दुसरीने बारा वर्षे भाकरी दिली. तो तजुर्बा येथे मांडत आहोत.

कोल्हापुरात हे काम करणे सोपे आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्रींतून वाहन कंपन्यांसाठी ओतीव माल जातो. शिवाजी उद्यमनगर आणि वाय. पी. पोवार नगरात लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, गिअर कटिंग ही सारी कामे चालत जाण्याच्या अंतरावर होतात. दुसऱ्या गावात ज्या भागासाठी आठवडा थांबावे लागते, तो येथला कारागीर नमुना पाहून तयार करून देतो. या हुनरापायीच गिऱ्हाइकाला वाटू लागते की सगळे काही मिस्त्रीच्या हातात आहे. तसे ते नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातील उदाहरण पाहा. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जमवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप स्वतःच्या हाताने बनविली. डिसेंबर 2021 मध्ये तिची देशभर चर्चा झाली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कारागिरीचे कौतुक केले. पण ही गाडी नियमात बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, असेही सांगितले. त्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022 मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. आपल्यापैकी प्रत्येकाला असा बदला देणारा कोणी भेटणार नाही. म्हणून कामाचा क्रम आधीच नीट ठरवावा.

पहिली पायरी : कागद

आमची पहिली गाडी आम्ही 1997 साली घेतली. मूळची पेट्रोलची, आधीच्या मालकाने डिझेल इंजिन बसविलेली. इंजिन सुरेख चालत होते, आम्ही त्या आवाजावरच भुललो. पुस्तकात मात्र इंधन पेट्रोल आणि इंजिन नंबर जुनाच होता. ऐन लग्नसराईत तपासणीत गाडी अडकली आणि चार महिने दारात उभी राहिली. गिऱ्हाईक दुकानात, माल इचलकरंजीत, आणि आम्ही भाड्याच्या टेम्पोमागे! त्या हंगामाची कमाई त्या भाड्यात गेली. मिस्त्रीच्या कामात कसूर नव्हती. पुस्तक न वाचता पैसे मोजणारे आम्हीच होतो.

मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 असे सांगते की, नोंदणी पुस्तकातील तपशील बदलेल असा फेरफार मालकाने आपल्या मर्जीने करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मनाई असल्याचे स्पष्ट केले. म्हणून इंजिन बदलायचेच असेल तर त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे, त्याच इंधनाचे शोधावे आणि बोल्ट खोलण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात विचारणा करून परवानगी घ्यावी. पुस्तकाशी न जुळणारे इंजिन असेल तर अपघाताच्या वेळी विमा कंपनीलाही हरकत घेण्यास जागा मिळते.

पाया म्हणून जी गाडी घ्याल तिची नोंदणी जिवंत असली पाहिजे. नोंदणी रद्द होऊन मोडीत गेलेल्या गाडीची चासी कितीही मजबूत असली तरी तिच्यावर नवी गाडी उभी करता येत नाही. पुस्तकावर बँकेच्या कर्जाचा बोजा आहे काय, कर किंवा दंड थकला आहे काय, हे पाहावे. मालकी बदलाचे 29 व 30 नंबरचे फॉर्म व्यवहाराच्या दिवशीच भरून घ्यावेत. "नंतर सही देतो" म्हणणारा नंतर सापडत नाही.

सुटे भागही पावतीनेच घ्यावेत. इंजिनावर नंबर असतो. तो घासलेला किंवा नव्याने ठोकलेला दिसला तर भाव कितीही कमी असो, हात लावू नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे (1 जुलै 2024 पूर्वी हेच भारतीय दंड विधानाचे कलम 411 होते). अशा मालात ना सुरक्षितता, ना बरकत.

दुसरी पायरी : चासी, ब्रेक आणि स्टिअरिंग

कापड घेताना आपण वरची घडी पाहून थांबत नाही, तागा उलगडून पाहतो. तसेच गाडीचा रंग सोडून खाली झोपून चासी पाहावी. कमानपाट्यांचे ब्रॅकेट आणि स्टिअरिंग बॉक्सची जागा येथे तडे आधी जातात. हौद्याखाली पाणी साचून लोखंड कुजते. बारीक हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतून गंज खाल्लेला आहे. चासी वाकडी आहे की नाही हे पाहण्यासाठी पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत आणि पुढच्या उजव्यापासून मागच्या डाव्यापर्यंत दोरी धरावी. दोन्ही मापे सारखी भरली पाहिजेत.

जुने काय चालते आणि नवे काय घ्यावे, याचा आमचा नियम साधा आहे. जे तुटले तर गाडी फक्त थांबते, ते जुने चालेल : गिअरबॉक्सची पेटी, दरवाजे, बॉनेट, हौदा, आसन, तपासलेला रेडिएटर. जे तुटले तर माणूस मरतो, ते नवेच : ब्रेकचे सिलिंडर, होस पाइप, लायनर, टायरॉडचे बॉल जॉइंट आणि टायर.

ब्रेकबाबत एक गोष्ट विशेष सांगतो. ज्या ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर असतो, त्याला पेट्रोल इंजिनातून ओढ आपोआप मिळते. डिझेल इंजिनात ती मिळत नाही, म्हणून बहुधा अल्टरनेटरला जोडलेला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. भंगारातून इंजिन आणताना तो पंप मागे राहिला तर पेडल दगडासारखे होते आणि भरलेली गाडी उतारावर आवरत नाही.

तिसरी पायरी : इंजिन

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. आत आलेली हवा सुमारे वीस पट दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून डिझेलचा फवारा पडताच पेट घेतो. म्हणजे या इंजिनाचा जीव दाबात आहे. रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह झिजले की दाब कमी होतो आणि सकाळी इंजिन उठत नाही. विकणारा आधीच इंजिन गरम करून ठेवतो. आपण ते थंड असतानाच सुरू करायला सांगावे.

धूरही बरेच सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पंप-नोझल किंवा एअर फिल्टर पाहावा. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर डिझेल कच्चे जाते किंवा पाणी आत शिरते. ऑइलचे झाकण उघडल्यावर धूर भकाभका आला तर रिंगा गेल्या असे समजावे.

काम काढलेच तर क्रँक मायक्रोमीटरने मोजून घ्यावा. तो पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने घासतात. शेवटच्या टप्प्यावर आलेला क्रँक म्हणजे संपलेला क्रँक. ब्लॉक आणि हेडची पाण्याच्या दाबावर चाचणी करून घ्यावी. पंप आणि नोझल टेस्ट बेंचवरच लावून घ्यावेत, कानाने नव्हे.

मागच्या क्राऊन-पिनियनचा हिशेबही जुळला पाहिजे. एकाला 43 दाते व दुसऱ्याला 8 असले तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी दांडा जवळजवळ साडेपाच फेरे फिरतो. अशी गाडी चढ चांगला घेते, पण महामार्गावर इंजिन ओरडत राहते. आपली वाट घाटाची की सपाटीची, ते पाहून निवड करावी.

शेवटी हिशेब

गाडीची किंमत, सुटे भाग, मजुरी, विमा आणि पासिंग हे सारे वहीत लिहावे आणि बेरजेवर चौथाई वाढवावी, कारण खोलल्यावर नवे दुखणे निघतेच. महाराष्ट्रात व्यावसायिक वाहनाला 8 वर्षांनंतर पर्यावरण कर आहे. 15 वर्षे ओलांडलेल्या गाडीची फिटनेस फी तर 1 एप्रिल 2022 पासून बरीच वाढली आहे. ही एकूण रक्कम त्याच जातीच्या चालू, स्वच्छ कागदांच्या जुन्या गाडीच्या किमतीच्या वर गेली, तर चालू गाडीच घ्यावी.

मिस्त्री बांधवांनाही एक विनंती आहे. गिऱ्हाइकाने इंजिन आणून टाकले की काम सुरू करण्यापूर्वी त्याचे पुस्तक मागून पाहा, नंबर वहीत लिहा आणि दिलेल्या कामाची पावती द्या. उद्या गाडी अडकली तर तुमचे हात स्वच्छ राहतील. आमची दुसरी गाडी आम्ही ज्या मिस्त्रीकडे नेली, त्याने पान्याला हात लावण्यापूर्वी आमच्याकडे आरसी बुक मागितले होते. त्या वेळी आम्हाला त्याचा थोडा रागच आला होता. पुढे ती गाडी बारा वर्षे एकदाही कागदासाठी अडली नाही.