शुश्रूषेतून लोकस्वास्थ्याकडे

पदवी हाती आल्यावर तरुण वैद्यापुढे सामान्यतः दोनच वाटा मांडल्या जातात. घरचा दवाखाना अथवा फार्मसी असेल तर ती सांभाळावी. नसेल तर कर्ज काढून नवा दवाखाना थाटावा. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांची वाटही बहुधा फिरून याच ठिकाणी येते. अलीकडे मात्र तिसरी वाट धरणारे काही विद्यार्थी आमच्या पाहण्यात येत आहेत. सार्वजनिक आरोग्य, म्हणजे आपल्या परिभाषेत स्वस्थवृत्ताचे समाजव्यापी रूप, हे त्यांनी आपले कार्यक्षेत्र मानले आहे. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट आम्हांस विशेष जाणवली. यांपैकी कित्येकांना ही वाट वर्गात सापडलेली नाही. ती कर्करुग्णांना साहाय्य करताना, रुग्णालयाच्या आवारात अथवा धर्मशाळेच्या ओसरीवर सापडली आहे. असे का व्हावे, आणि आपल्या व्यवसायाने त्यातून काय घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उपस्थात्याचे स्थान

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नको. उपस्थात्याच्या ठायी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे गुण असावेत अशी अपेक्षा तेथे आहे. आपल्या अभ्यासक्रमात मात्र भिषक् आणि द्रव्य या दोन पादांनाच बहुतेक वेळ दिला जातो. उपस्थाता हा परीक्षेत चार गुण लिहिण्यापुरता उरतो. कर्करुग्णांच्या साहाय्यकार्यात उतरलेल्या विद्यार्थ्यास हा पाद प्रथमच स्वतःच्या अंगाने कळतो.

मुंबईतील परळचा परिसर या दृष्टीने मोठी पाठशाळाच आहे. टाटा स्मारक रुग्णालय येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून, तसेच बिहार, उत्तर प्रदेश, बंगालपासून रुग्ण येथे येतात. त्यांच्यासाठी या परिसरात साहाय्याचे एक जाळेच विणले गेले आहे. नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा निवाऱ्याची सोय पाहतात. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून, तर व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून कार्यरत आहे. उपचारासाठी आलेल्या बालरुग्णांच्या कुटुंबांना आसरा देणारे सेंट ज्यूडचे काम २००६ मध्ये सुरू झाले.

स्वयंसेवकाचे काम दिसावयास साधे असते. नवागतास नोंदणीची खिडकी दाखवावी, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रे जुळवून द्यावीत, रेल्वे सवलतीचा अर्ज भरून द्यावा, किरणोपचाराच्या रांगेत बसलेल्या एकट्या स्त्रीजवळ घटकाभर बसावे. औषध सुचवू नये आणि भविष्य वर्तवू नये, हा तेथील मूळ दंडक. नाडीवर बोट ठेवण्याची सवय असलेल्या हातांना तो जड जातो. परंतु उपचार करण्याचा अधिकार काही काळ बाजूला ठेवल्यामुळेच ऐकण्याची सवय जडते, असे या तरुणांचे म्हणणे आहे.

एका वहीतील चार प्रश्न

आमच्या परिचयाच्या एका तरुण वैद्यभगिनीने पदवीनंतरचे एक वर्ष अशा कामात घालविले. रुग्णांची अनुमती घेऊन, कोणाचेही नाव न लिहिता, ती एका वहीत चार प्रश्नांची उत्तरे टिपून ठेवीत असे. पहिले लक्षण केव्हा दिसले? प्रथम कोणाकडे गेलात? येथे पोहोचण्यास किती महिने लागले? मधल्या काळात काय काय केले? उत्तरे वेगवेगळ्या गावांची होती, पण वळण एकच होते. तोंडातील व्रण आठ महिने भरला नाही. मेडिकलमधून मलम आणले, मग दात काढून झाला. स्तनातील गाठ दुखत नव्हती, म्हणून घरी सांगितली नाही. अंगावरून जाणे वयाचे मानले. काहींनी वैद्याकडून चूर्ण नेले होते, काहींनी डॉक्टरांकडून प्रतिजैविके; दोन्ही ठिकाणी तोंड उघडून पाहिले गेले नव्हते.

ती आम्हांस म्हणाली, ‘‘चाळीस घरांची कहाणी एकच निघाली, तर त्या घरांना दोष देऊन कसे चालेल?’’ या एका वाक्यात सार्वजनिक आरोग्याचे प्रवेशद्वार आहे, असे आम्हांस वाटते. एका रुग्णाचा उशीर हे त्याचे दुर्दैव म्हणता येईल. शेकडोंचा उशीर हा मात्र व्यवस्थेचा व्याधी होय, आणि त्याचेही निदान करावे लागते.

मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्ही स्थानांचे कर्करोग साध्या तपासणीने लवकर ओळखता येण्याजोगे आहेत. तरीही आपल्याकडील पुष्कळसे रुग्ण रोग बळावल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक नवे कर्करुग्ण आढळतात आणि ९ लाखांहून अधिक मृत्यू होतात. एवढ्या संख्येपुढे एकेका रुग्णाची शुश्रूषा कितीही मोलाची असली तरी अपुरी पडणार, हे उघड आहे.

साहाय्यातून मोजणी, मोजणीतून उपाय

रुग्णसाहाय्य आणि सार्वजनिक आरोग्य यांचे नाते नवे नाही. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. रुग्णांना मदत करणाऱ्या याच संस्थेने १९६३ मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी उभी केली. कोणत्या वयात, कोणत्या समाजात, कोणत्या अवयवाचा कर्करोग किती, हे त्यामुळे प्रथमच पद्धतशीर कळू लागले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला, आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. मदतीचा हात पुढे करणाऱ्यांनीच मोजणीची वही उघडली, ही गोष्ट तरुणांनी ध्यानात ठेवावी.

मोजणीतून उपाय कसे निघतात याची दोन उदाहरणे आपल्या मातीतील आहेत. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी-योजना राबविली. ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा तीत समावेश होता. मानवी पॅपिलोमा विषाणूची तपासणी केवळ एकदा केलेल्या गटात बळावलेला रोग आणि त्याने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ मध्ये आरंभ झालेल्या दुसऱ्या योजनेत तर वैद्यकीय पदवी नसलेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील मुख्य द्रव्य, लावून उघड्या डोळ्यांनी तपासणी केली. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांचे प्राण वाचले त्यांना आपण वाचलो हे ठाऊकही नाही. सार्वजनिक आरोग्यातील यश बहुधा असे निनावी असते. कृतज्ञतेचे डोळे पाहण्याची सवय असलेल्या वैद्याने हे आधीच समजून घेतलेले बरे.

निदानपरिवर्जन आणि आपली दुकाने

हेतूचा त्याग ही पहिली चिकित्सा, हे आपल्या शास्त्राचे मर्म. मुखकर्करोगाच्या बाबतीत हा हेतू बहुतांशी हातात धरून दाखविता येतो: तंबाखू, गुटखा, सुपारी आणि आपल्या ग्रामीण स्त्रियांत रूढ असलेली मशेरी. पुष्कळ घरांत मशेरीला व्यसन मानतच नाहीत. तो दात घासण्याचा प्रकार समजला जातो. १९९२ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूयुक्त दंतमंजनांच्या उत्पादनावर बंदी घातली. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली. या चळवळीत टाटा रुग्णालयातील डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्यासारख्या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियागृहाबाहेर येऊन रुग्णांचा आवाज राज्यकर्त्यांपर्यंत नेला. देशातील प्रौढांमधील तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० मध्ये ३४.६ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २८.६ टक्क्यांवर आले. घट आशादायक आहे, परंतु उरलेला आकडाही लहान नाही.

येथे फार्मसीधारक वाचकांशी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक वाटते. तोंड आलेला मनुष्य प्रथम आपल्याच दुकानाची पायरी चढतो. तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा अथवा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काही आढळल्यास आणखी एक पुडी देण्याऐवजी त्यास तपासणीस पाठवावे. त्या दिवशीची विक्री बुडेल. पण गिऱ्हाईक वाचण्याचा संभव वाढेल. तसेच, कर्करोग बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे, याचे विस्मरण होऊ नये. कायद्याची गोष्ट सोडली तरी, अशा एका जाहिरातीपायी शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेले रुग्ण स्वयंसेवकांना भेटतात, आणि मग त्यांना ऐकवण्यासारखे काही उरत नाही. रसायनचिकित्सा चालू असलेल्या रुग्णास आपले औषध द्यावयाचे झाल्यास त्याच्या कर्करोगतज्ज्ञास सांगूनच द्यावे. क्षुधा, निद्रा, मलप्रवृत्ती आणि मनोबल यांसंबंधी आपल्याजवळ देण्यासारखे पुष्कळ आहे; तेही प्रामाणिकपणे आणि मर्यादा सांभाळून द्यावे.

वाट आणि तिच्यावरील खाचखळगे

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्यास आज मार्ग उपलब्ध आहेत. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, तिरुवनंतपुरमचे अच्युत मेनन केंद्र यांसारख्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या पत्रकातून पाहून घ्याव्यात. महाराष्ट्रात २०१८ नंतर आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांवर रुजू झाले. त्या केंद्रांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हटले जाते. तिशीवरील स्त्रीपुरुषांची मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी प्राथमिक तपासणी हे तेथील नेमून दिलेले काम आहे. म्हणजे परळच्या ओसरीवर पडलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जागा आज गावातच, आपल्या माणसांच्या हाती आहे.

परंतु तरुणांची फसगत होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की ही नोकरी पुष्कळदा कंत्राटी असते, अहवाल आणि तक्ते भरण्यात दिवस जातात, आणि दवाखान्याच्या गल्ल्याशी तिच्या मानधनाची तुलना केल्यास घरच्यांचा चेहरा उतरतो. केवळ कणव घेऊन आलेला मनुष्य येथे दोन वर्षांत थकतो. करुणा आवश्यक आहे, पण तिला चिकित्सक बुद्धीची जोड हवी. माझ्या तालुक्यात लोक उशिरा का पोहोचतात, हा प्रश्न ज्याला सहा महिन्यांनंतरही स्वस्थ बसू देत नाही, त्याने या वाटेला लागावे. ज्याला रुग्णाच्या हाताचा स्पर्श आणि त्याचे बरे होणे याविना चैन पडत नाही, त्याने दवाखानाच चालवावा. त्यातही काही उणेपणा नाही.

पालकांनीही थोडा विचार करावा. मुलगी वर्षभर बिनपगारी रुग्णसेवा करते म्हणजे तिचे वर्ष वाया गेले, असे मानू नये. आमच्या परिचयाच्या त्या वैद्यभगिनीच्या वडिलांनी प्रथम असेच मानले होते. आज ती एका जिल्ह्यात तपासणी शिबिरांचे नियोजन करते आणि वडिलांच्या दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक तंबाखूसेवकाचे तोंड बॅटरीच्या उजेडात तपासले जाते. हा बदल वडिलांनी स्वतःहून केला.

आमची सूचना एवढीच की, संघटनेच्या प्रत्येक जिल्हा शाखेने दरवर्षी किमान दोन नवपदवीधरांना तीन महिन्यांसाठी एखाद्या कर्करुग्ण-साहाय्य संस्थेत पाठवावे आणि त्यांच्या प्रवास-निवासाचा भार सभासदांनी वाटून घ्यावा. परत आल्यावर त्यांनी शाखेच्या बैठकीत आपली वही वाचून दाखवावी. त्यांतील काही सार्वजनिक आरोग्यात जातील, बहुतेक दवाखान्यात परततील. जे परततील तेही रुग्णास विचारतील, ‘‘हे पहिल्यांदा केव्हा दिसले?’’, आणि उत्तर ऐकून वेळीच चिठ्ठी लिहून देतील.