वण मोडत नाही, वळतो

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ‘व्रण’ शब्दाची एक व्युत्पत्ती दिली आहे. जखम भरून आली तरी तिची खूण देह असेपर्यंत जात नाही, म्हणून तो व्रण. याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात, पहिल्या अध्यायात, व्रणावरचे ६० उपक्रम येतात. भरलेल्या जागेचा रंग पूर्ववत करणे, तिथे पुन्हा केस आणणे हेही त्यांत आहे. जखम मिटली की काम संपले, असे सुश्रुताने मानलेले नाही.

मी वैद्य नाही, डॉक्टरही नाही. पण प्लॅस्टर काढल्यावर आखडलेल्या सांध्याबद्दल ‘आत वण धरलाय, तो चोळून मोडायला हवा’ हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकले, की ते तपासून पाहावेसे वाटले.

आधी वण म्हणजे काय ते पाहू. जखमेनंतर काही दिवस सूज असते. मग पेशी घाईघाईने कोलॅजेनचे धागे टाकतात. वाकळेला ठिगळ लावावे तसे, दिशेचा विचार न करता. १९७१ साली जिनिव्हात गॅब्बियानी आणि सहकाऱ्यांनी या कामातल्या एका खास पेशीचे वर्णन केले. ती स्नायूसारखी आकसते आणि जखमेच्या कडा जवळ ओढते. वण आखडतो त्याचे हे एक मोठे कारण. पुढे कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ, जुने धागे काढून नवे घातले जातात. तरीही त्वचेवरचा वण मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्के बळापलीकडे जात नाही.

वण मेलेला नसतो, याचा एक जुना पुरावा समुद्रावरचा आहे. १७४० ते १७४४ या काळात इंग्रज नौदलाच्या अॅन्सनने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच्या जहाजावर स्कर्व्हीची साथ पसरली. १६९० मधल्या बॉइनच्या लढाईत जखमी झालेल्या एका म्हाताऱ्याच्या ५० वर्षांपूर्वीच्या जखमा तेव्हा पुन्हा उघडल्या, अशी नोंद त्या सफरीच्या वृत्तांतात आहे. पक्के कोलॅजेन बनायला क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्याने रोजची डागडुजी थांबली आणि वण उसवला. खूण जन्मभर राहते, पण तिच्यातला माल बदलत राहतो.

म्हणूनच ‘मोडणे’ हा शब्द चुकीचा आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या जेम्स सिरियॅक्स यांनी धाग्यांना आडवे, खोल घर्षण देण्याची पद्धत रूढ केली, ती आजही वापरात आहे. अशा मालिशने वेदना काही काळ कमी होते, त्वचा मोकळी वाटते. पण २००८ साली एका गणिती अभ्यासात दिसले, की तळपायाच्या किंवा मांडीच्या जाड पडद्याला एक टक्का दाबायलाही हाताच्या आवाक्याबाहेरचे बळ लागेल. काही वेळा सांध्यातली चिकटण खरोखर तोडावी लागते. ते काम भूल देऊन, शल्यविशारदाच्या हातून होते.

मग फिजिओथेरपिस्ट काय करतो? तो वणाला वळण लावतो. धागे ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने मांडले जातात. म्हणून हलका पण वारंवार ताण, रुग्णाने स्वतः केलेली हालचाल, आणि हळूहळू वाढवलेले वजन. यात दिवस जातात, कारण नवा धागा बनायलाच दिवस लागतात.

हा शब्दांचा काथ्याकूट नाही. झाडावरून पडून कोपर मोडलेल्या मुलाला प्लॅस्टर निघताच चोळायला नेतात. मूल रडते, आणि घरचे म्हणतात, ‘थोडं सोस, मोकळं होईल.’ अस्थिरोगाची पाठ्यपुस्तके नेमका याच चोळण्याविरुद्ध इशारा देतात. जोराने ताणलेल्या कोपरापुढच्या स्नायूत हाड धरू शकते. त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. मग आखडलेला हात कायमचा आखडू शकतो. मुलाचे कोपर बहुतेक वेळा त्याच्या स्वतःच्या खेळण्या-वापरण्यानेच सुटत जाते.

तेव्हा उपचार करणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: घरी मी स्वतः काय करायचे आहे? ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याच्या हाती हात द्यायला हरकत नाही.