संगणकाचा पत्ता

पत्रावर पत्ता लिहितात हे आपल्याला ठाऊक आहे. पण संगणकालाही पत्ता असतो, हे मला दिवाळीनंतर कळले. ते कळायला माझी एक चूक झाली. ती शेवटी सांगते. आधी माहिती सांगते.

आमच्या वर्गात दोन संगणक आहेत, एक जुना आणि एक नवा. जुन्याला प्रिंटर आणि कॅमेरा जोडला आहे. भिंतीवर एक छोटी पेटी आहे. तिला राउटर म्हणतात. दोन्ही संगणकांच्या तारा तिच्यात जातात आणि तिच्यातून एक तार बाहेर जाते. त्या तारेने इंटरनेट येते.

गुरुजींनी आम्हाला चार गोष्टी फळ्यावर लिहून दिल्या.

१) आयपी पत्ता : हा संगणकाचा नंबर. त्यात चार आकडे असतात, मध्ये टिंब. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला असतो. आमच्या जुन्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.५० आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घराच्या किंवा शाळेच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवले आहेत. असं १९९४ साली ठरलं. म्हणून हाच पत्ता दुसऱ्या गावच्या शाळेतही असू शकतो. त्याने काही बिघडत नाही. हजेरीत ५ नंबर आमच्या वर्गात आहे, तसा तिसरीतही आहे. पण एकाच वर्गात दोघांचा ५ नंबर चालत नाही.

२) सबनेट मास्क : आमचा २५५.२५५.२५५.० आहे. याचा अर्थ, ज्यांचे पहिले तीन आकडे सारखे, ते सगळे एकाच आळीतले. शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर.

३) गेटवे : ही आपल्या गावाची वेस. गावाबाहेर जायचे तर वेशीतून जावे लागते. आमची वेस म्हणजे तो राउटर. त्याचा नंबर १९२.१६८.१.१ आहे.

४) डीएनएस : आपण साइटचं नाव लिहितो, पण संगणकाला नंबर लागतो. नाव सांगितलं की नंबर सांगणारा तो डीएनएस. गावात पाहुणा आला की पारावरचे आजोबा नावावरून घर सांगतात ना, तसंच. आमच्याकडे ८.८.८.८ घातला आहे. तो गूगलचा आहे.

आता हे कुठे घालायचे? सेटिंग्ज उघडायचे. मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. खाली आयपी असाइनमेंट दिसते. तिथे एडिट दाबायचे. ऑटोमॅटिक ठेवलं तर राउटर आपणहून रिकामा नंबर देतो. नवीन मुलाला गुरुजी हजेरीत नंबर देतात, तसंच. मॅन्युअल ठेवलं तर नंबर आपण हाताने भरायचा. आमच्या जुन्या संगणकाचा नंबर हाताने भरलेला आहे, कारण नवा संगणक त्याच नंबरावरून प्रिंटर शोधतो. नंबर बदलला तर प्रिंटर सापडणार नाही. आमचा राउटर १०० पासून पुढचे नंबर वाटतो, म्हणून जुन्याला ५० दिला आहे. तो कोणाला वाटला जात नाही.

आता माझी चूक. नवा संगणक आला तेव्हा त्यावर ऑटोमॅटिक होते आणि सगळे नीट चालले होते. मला वाटलं, जुना चांगला चालतो, तर त्याचेच आकडे नव्यात भरू. मधल्या सुट्टीत मी ते वहीत उतरवले आणि नव्यात भरले. कोणाला सांगितले नाही. त्या दिवशी जुना बंद होता, म्हणून काही झालं नाही.

माझ्या मैत्रिणीचे आई-आप्पा ऊसतोडीला गेले आहेत. ती आजीजवळ राहते. गुरुजी शनिवारी शाळा सुटल्यावर जुन्या संगणकावर त्यांची भेट घालून देतात. त्या शनिवारी नवा आधीच चालू होता. जुना लावला तर इंटरनेट लागेना. आजी धुतलेलं लुगडं नेसून बाकावर बसली होती. गुरुजींनी तारा काढून घातल्या, राउटर बंद करून लावला. त्यात अर्धा तास गेला. मोबाइलवर आवाज आला, पण आजीला ऐकू कमी येते. तिला तोंड बघायचं होतं. तिकडे आप्पांना गाडी भरायला बोलावले आणि ते गेले. आजी काही न बोलता घरी गेली.

नंतर गुरुजींनी काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल लिहिले. आमच्या पत्त्यापुढे कंसात 'डुप्लिकेट' आले, आणि खाली १६९.२५४ ने सुरू होणारा दुसराच पत्ता. गुरुजी म्हणाले, "एका नंबराचे दोघं झालेत." मंग मी रडत रडत सांगितलं. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "आता तूच दुरुस्त कर." मी नव्यावर ऑटोमॅटिक केले. जुना बंद करून चालू केला. लगेच लागला.

इंटरनेट लागले नाही तर असे बघावे :

१. तार नीट बसली आहे का?
२. काळ्या खिडकीत पिंग लिहून वेशीचा नंबर लिहा. उत्तर आले तर वेशीपर्यंत वाट ठीक आहे.
३. मग ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आले तर बाहेरची वाटही ठीक.
४. तरी नावाने साइट उघडत नसेल, तर डीएनएसचा आकडा तपासा.
५. आकडे बदलण्याआधी जुने आकडे वहीत लिहा, आणि गुरुजींना विचारा.

पुढच्या शनिवारी मी लवकर आले आणि दोन्ही संगणक लावून पाहिले. आजीने आप्पांना पाहिलं. म्हणाली, "वाळलास रे." आप्पा हसले. आता दोन्ही संगणकांचे नंबर आमच्या वर्गात पुठ्ठ्यावर लिहून लावले आहेत. ते माझ्या अक्षरात आहेत.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी