'थम्स अप' : एका नाममुद्रेचा आर्थिक इतिहास

भारताच्या औद्योगिक धोरणातील स्थित्यंतरे 'थम्स अप' या शीतपेयाच्या वाटचालीत प्रतिबिंबित झाली आहेत. परकीय चलन नियमन कायदा, १९७३ (फेरा) अन्वये विदेशी कंपन्यांना भारतातील आपला भागभांडवली हिस्सा सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांपर्यंत खाली आणणे बंधनकारक झाले. कोका-कोलाने या अटी अमान्य करून १९७७ मध्ये देश सोडला. ही पोकळी भरून काढण्यासाठी सार्वजनिक क्षेत्रातील मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने 'डबल सेव्हन', तर खासगी क्षेत्रातील पार्लेने 'थम्स अप' बाजारात आणले. संरक्षण दोघांनाही समान लाभले. तथापि शासकीय पेय मागे पडले व 'थम्स अप' अग्रेसर ठरले.

उदारीकरणानंतर १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि तिने 'थम्स अप', 'लिम्का', 'गोल्ड स्पॉट' इत्यादी पार्लेच्या नाममुद्रा विकत घेतल्या. २०२१ मध्ये 'थम्स अप'ची भारतातील वार्षिक विक्री एक अब्ज डॉलरवर पोहोचली.

तात्पर्य, संरक्षणामुळे देशी उद्योगास संधी मिळते, यशाची हमी नव्हे. आणि नाममुद्रा देशात रुजली तरी तिची मालकी देशातच राहील, असेही नाही.