न वाकणारा हात

सरळ समोर धरलेला आपला हात कोणी कोपरात वाकवू लागले, तर आपण मूठ आवळतो, खांदा ताठ करतो, दातओठ खातो. तरीही हात बहुधा वाकतोच. जपानचे आयकिडो शिक्षक कोइची तोहेई नेमके उलटे करायला सांगत. मूठ सोडा, खांदा सैल करा आणि बोटांतून पाण्याची धार लांबवर जाते आहे अशी कल्पना करा. मग तोच हात सहजी वाकत नाही.

यात जादू नाही. कोपर वाकवण्याचे काम दंडाच्या पुढचा बायसेप्स करतो आणि सरळ ठेवण्याचे काम मागचा ट्रायसेप्स. घाबरून सगळा हात आवळला की दोन्ही स्नायू एकदम आकुंचन पावतात. म्हणजे आपलाच बायसेप्स समोरच्याला मदत करू लागतो. हात सैल सोडून लक्ष दूरवर ठेवले की नको तो स्नायू मोकळा राहतो. तोहेई याला ‘की’, म्हणजे प्राणशक्ती, म्हणत. शरीरशास्त्राला त्यासाठी वेगळी शक्ती मानावी लागत नाही.

तोहेईंची ही शिकवण त्यांच्या आजारपणातून घडली. १९२० साली जन्मलेले तोहेई लहानपणी अशक्त होते. प्रकृती सुधारावी म्हणून ते ज्युदो शिकले. पण विद्यार्थिदशेत त्यांना प्लुरसीने, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने गाठले आणि शिक्षण थांबले. त्या दिवसांत ते ध्यान आणि श्वसनाच्या साधनेकडे वळले. १९४० मध्ये ते आयकिडोचे प्रवर्तक मोरिहेई उएशिबा यांचे शिष्य झाले. युद्धकाळात चीनमध्ये सैन्यात राहून परतल्यावर टेम्पू नाकामुरा यांच्याकडे त्यांनी मन आणि शरीर यांच्या मेळाचे धडे घेतले. हे नाकामुरा आपण हिमालयात योग शिकल्याचे सांगत.

१९५३ मध्ये तोहेई हवाई बेटांवर शिकवायला गेले. तिथल्या धिप्पाड विद्यार्थ्यांपुढे नुसता जोर चालण्यासारखा नव्हता. पुढे ते टोकियोच्या मुख्य केंद्राचे प्रमुख शिक्षक झाले. पण १९६९ मध्ये उएशिबा वारले आणि डावपेच आधी की मन-शरीराचा मेळ आधी, हा वाद वाढला. तोहेईंनी १९७१ मध्ये ‘की’च्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्था काढली आणि १९७४ मध्ये मूळ संस्था सोडली. आयुष्याची अनेक वर्षे जिथे घालवली, तिथून बाहेर पडण्याची किंमत त्यांनी मोजली. २०११ मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

श्वसनाच्या साधनेने आपण सावरलो, असे तोहेई मानत. पण प्लुरसीवर तो उपचार नव्हे. श्वास घेताना छातीत कळ येत असेल, तर डॉक्टरांनाच गाठायला हवे. मात्र सैल राहण्याचा धडा रोजच्या कामांत उपयोगी आहे. लिहिताना पेन गच्च धरण्याची, संगणकापुढे खांदे कानांपर्यंत चढवण्याची सवय अनेकांना असते. त्या कामाला नको असलेले स्नायू तेव्हा तासन्‌तास राबत असतात. अधूनमधून श्वास सावकाश सोडावा आणि खांदे खाली येऊ द्यावेत. हाताला आपसूकच हलके वाटते.