पित्तनलिकेचे सौम्य आकुंचन

पित्तनलिकेचे सौम्य आकुंचन म्हणजे कर्करोगाव्यतिरिक्त अन्य कारणाने पित्तनलिका अरुंद होणे. यकृतात तयार होणारे पित्त या नलिकेतून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, म्हणजे आद्यांत्रात, येते. हा मार्ग अरुंद झाल्यास पित्त तुंबते. येथे ‘सौम्य’ हा शब्द केवळ कर्करोग नसल्याचे दर्शवितो. उपचार न झाल्यास जंतुसंसर्ग आणि कालांतराने यकृताचा सिरोसिस होऊ शकतो.

कारणे व लक्षणे

पित्ताशय काढताना नलिकेला झालेली इजा, यकृत प्रत्यारोपणात जोडलेल्या नलिकेच्या सांध्यावरील वण आणि स्वादुपिंडाचा दीर्घकालीन दाह ही प्रमुख कारणे होत. कावीळ, अंगाला खाज, गडद लघवी, फिकट मल आणि थंडी वाजून येणारा ताप ही लक्षणे आढळतात.

निदान

रक्ततपासणी, सोनोग्राफी आणि एमआरसीपी यांद्वारे अडथळ्याची जागा कळते. शंका असल्यास नलिकेतील पेशी तपासून कर्करोग नसल्याची खात्री केली जाते.

उपचार

पूर्वी पोट उघडून नलिका थेट आतड्याला जोडणे हा मुख्य उपाय होता. आता बहुधा प्रथम ईआरसीपी ही पद्धत वापरतात. तोंडावाटे आद्यांत्रापर्यंत दुर्बीण नेऊन नलिकेत बारीक तार सरकवितात, अरुंद भाग फुग्याने रुंदावतात आणि तो पुन्हा आकसू नये म्हणून स्टेंट ठेवतात. फुगविल्यानंतर स्टेंट न ठेवल्यास वण पुन्हा आकसण्याचा संभव अधिक असतो.

प्लास्टिकचे स्टेंट साधारण दर तीन महिन्यांनी बदलावे लागतात. प्रत्येक वेळी शक्य तितके अधिक स्टेंट शेजारीशेजारी बसवून नलिका क्रमाने रुंदावतात. हा उपचार सुमारे वर्षभर चालतो. आवरणयुक्त धातूचा स्टेंट अधिक रुंद असल्याने तो बदलण्याच्या फेऱ्या कमी होतात. तोही काही महिन्यांनी काढावा लागतो. दुर्बीण पोहोचत नसल्यास त्वचेतून यकृतामार्गे नलिकेत प्रवेश करतात. नलिका पूर्णपणे तुटली असल्यास सहसा शस्त्रक्रियाच करावी लागते.

धोके व दक्षता

ईआरसीपीनंतर स्वादुपिंडदाह, रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा क्वचित आतड्याला छिद्र पडणे संभवते. कावीळ ओसरल्यावर बरे वाटते, म्हणून स्टेंट तसाच राहू देणे धोक्याचे असते. तो साक्याने बंद होऊन नलिकेत पू होऊ शकतो आणि संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकते. त्यामुळे स्टेंट बसविल्याची व काढण्याची तारीख रुग्णाने जपून ठेवणे आवश्यक असते. स्टेंट काढल्यानंतरही आकुंचन पुन्हा उद्भवू शकते, म्हणून नियमित तपासणी करतात.